खांब आणि माथा

“वर गेल्यावर माणसं वेगळी करू नकोस,” मिसेस प्रॉसर म्हणाल्या. “एक इथे आणि एक तिथे, असं नाही. तिथला ढग सांगून येत नाही.”

मी मान हलवली आणि मुक्ताची दुसरी टोपी शोधायला लागले. अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन डोंगरावर जायचं म्हणून दोन दिवस माझ्या याद्या चालल्या होत्या. दोन टोप्या, चार लंगोट, थर्मामीटर, पेजेचा डबा, जादा मोजे. त्या यादीत ढग नव्हता. मिसेस प्रॉसर आमच्या शेजारी राहायच्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या, त्याच डोंगराच्या, पेन-अ-वाइनच्या, पायथ्याशी मेंढ्या राखणाऱ्या घरात वाढलेल्या. हवेवरून त्या रोजच मला काहीतरी बजावायच्या. कपडे आत घे, बाळाला उघड्या दारात बसवू नको. रोजचं झालं की ऐकू येत नाही.

टेबलाशी नाना नकाशा पसरून बसले होते. नाना म्हणजे माझे सासरे, मुकुंद धुमाळ. भोरच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. सासूबाई गेल्या, घर खायला उठलं, तेव्हा परागने, माझ्या नवऱ्याने, त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे वेल्सला आणलं. पराग इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आहे. आल्या दिवसापासून नानांचं एकच चाललं होतं, तो डोंगर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. वरून पाटासारखा सपाट आणि एका अंगाने सुरीने कापून काढल्यासारखा.

“हिमगव्हर,” नाना त्या कापलेल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले. “एकतीस वर्षं फळ्यावर काढलं. हिमनदी डोंगराच्या कुशीत बसते आणि खुर्चीसारखा खळगा कोरते. पोरं विचारायची, सर, तुम्ही पाहिलंय का. मी म्हणायचो, पुढचा प्रश्न.”

मी हसले. मिसेस प्रॉसरना इंग्रजीत सांगितलं, त्याही हसल्या.

“त्यांना विचार,” नाना म्हणाले, “वर दोन उंच्या का लिहिल्यात? खांबापाशी एक, आणि इथे दुसरी.”

“खांब मोजणीवाल्यांनी त्यांच्या सोयीने उभारला,” मिसेस प्रॉसर म्हणाल्या. “चारी बाजूंनी दिसावा म्हणून. खरा माथा तो नाही. पलीकडे दगडांची रास आहे, ती जागा खांबाहून तीन मीटर उंच भरते. मधे सगळी काळी दलदल. लोक खांबाला हात लावतात, फोटो काढतात आणि खाली येतात.”

“तीन मीटर का होईना,” नाना म्हणाले. “खांबाला हात लावून परत जायला मी भोरहून आलेलो नाही.”

मग मिसेस प्रॉसरनी विचारलं, शाळेतली मुलं घेऊन तुम्ही कधी डोंगर चढलात का. नाना सरसावून बसले. “दर वर्षी. नववीची सहल, रायरेश्वर. लोखंडी शिडीने वर जायचं. वर असंच सपाट पठार आणि धुकं. साठ-साठ पोरं. एकही हरवलं नाही कधी. नियम एकच होता. चुकामूक झाली तर जिथे शेवटचं एकत्र होतो, तिथे बसायचं. उठायचं नाही. सर शोधत येतील.”

“आणि सर नाही आले तर?”

“सर येतात,” नाना म्हणाले.

हे मीच त्यांना इंग्रजीत सांगितलं, शब्द न् शब्द. मिसेस प्रॉसर म्हणाल्या, “माझा नवराही मेंढ्यांना हेच सांगायचा. मेंढ्यांनी कधी ऐकलं नाही.” नाना एवढे हसले की मुक्ता दचकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परागने आम्हांला खिंडीतल्या गाडीतळावर सोडलं. त्याची दुपारची पाळी होती. “नाना, पेन-अ-वाइन म्हणजे दारूचा डोंगर नव्हे हं,” तो निघताना म्हणाला. “वाइन म्हणजे ओलं माळरान. वर काही मिळायचं नाही.”

“तुझी आई असती तर तिने हे आधी विचारून घेतलं असतं,” नाना म्हणाले.

सप्टेंबर संपत आला होता. ऊन स्वच्छ होतं, गवत पिवळं पडत चाललं होतं. खांबापर्यंत सपाट दगड टाकून वाट केलेली आहे, त्यामुळे चढ सोपा. मी मुक्ताला छातीशी बांधलं होतं आणि दर दहा मिनिटांनी तिच्या मानेशी बोट घालून बघत होते, गरम आहे की गार. नाना काठी टेकत पुढे. बहात्तर वर्षांचा माणूस, पण मला गाठता येत नव्हता. मधेच थांबून ते मागे बघायचे, मी दिसले की पुन्हा चालायला लागायचे. सहलीची सवय.

खांब माणसाच्या खांद्याएवढा, पांढऱ्या चुन्याचा. त्याच्याभोवती कुणीतरी दगड रचून कमरेएवढी गोल भिंत केली होती, वाऱ्याला आडोसा. तिथून वीस पावलांवर डोंगर संपत होता. नाना कड्याशी गेले आणि थांबले. खाली अर्धगोल कातळ आणि तळाशी काळंभोर तळं. त्यांनी टोपी काढली. मी मागून त्यांच्या जाकिटाचं टोक धरलं.

“मला धरू नको, मुलीला धर,” ते म्हणाले. मग म्हणाले, “खुर्चीच आहे गं. अगदी खुर्ची. मी फळ्यावर पाठ जरा जास्त तिरपी काढायचो.”

मला तिथूनच परतायचं होतं. पण त्यांनी नुसतं पलीकडे बघितलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही. दलदल ओलांडायला पंधरा मिनिटं लागली. काळा, भुसभुशीत चिखल, मधे मधे गवताचे उंचवटे, त्यांवरून उड्या मारत जायचं. मी पुटपुटत होते, नाना मोजत होते. “सहाशे चाळीस पावलं,” रास आली तेव्हा ते म्हणाले, आणि सगळ्यांत वरच्या दगडावर तळहात ठेवून उभे राहिले. देवळात ठेवतात तसा.

मग राशीला पाठ लावून बसले आणि वहीत चित्र काढायला लागले. उत्तरेला माळच माळ, खांब इथून काडीएवढा. वारा सुरू झाला होता. मुक्ता कुरकुरायला लागली, मग तिने टाहो फोडला. तिला भूक लागली होती. पेज तिने थुंकून टाकली. तिला अंगावरच प्यायचं होतं.

आणि समोर सासरे बसलेले.

ओढणी होती, जाकीट होतं, काहीही करता आलं असतं. ते पाठ करूनही बसले असते. पण घरातही मी मुक्ताला पाजायला खोलीत जायचे आणि दार लावायचे. नाना दार लागलं की आपणहून बाहेर फिरायला जायचे. आमच्यात त्याबद्दल एक शब्द कधी झाला नव्हता, इतकं ते ठरलेलं होतं.

“नाना, इथे वारा फार आहे,” मी म्हणाले. “मी त्या खांबाच्या भिंतीआड जाऊन हिला पाजते.”

“मी पण येतो.” त्यांनी वही मिटली.

“नको, नको. तुमचं चित्र अर्धं राहिलंय. तुम्ही इथेच बसा. मी अर्ध्या तासात येते.”

ते क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नजर वहीत घातली. “बरं बरं. बसतो मी इथे. सावकाश होऊ दे.”

मुक्ता पीत असताना ढग आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मान वर केली तर भिंतीपलीकडे काही नव्हतं. खांब हाताच्या अंतरावर होता, तोही राखाडी झाला होता. मी हाका मारल्या. “नाना.” आवाज तोंडातून निघून तिथेच पडत होता. मुक्ताला बांधलं आणि दलदलीत शिरले. चाळीसेक पावलांवर पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. कसाबसा ओढून काढला, बूट आतच राहिला, हात घालून तोही काढला. मुक्ताच्या टोपीवर पाण्याचे थेंब जमले होते आणि ती रडायची थांबली होती. रडणाऱ्या बाळाची मला भीती वाटत नाही, गप्प झालेल्याची वाटते. मी वळले. खांबापाशी दगडी वाट होती. ती पायाने चाचपत खाली उतरले.

इथपर्यंत माझं काही चुकलं असं आजही मी म्हणत नाही. आई होते, उतरले.

गाडीतळावर फोनला रेंज आली. तीन वाजायला आले होते. पराग म्हणाला, “बोल. झाला का डोंगर?”

“पराग, वर ढग आलाय. मी आणि मुक्ता खाली आलोय.”

“आणि नाना?”

मी मुक्ताच्या टोपीवरचं पाणी पुसायला लागले.

“नाना कुठेत, शलाका? तू त्यांना एकटं ठेवून खाली आलीस?”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते आणि भांडता भांडता खरं बाहेर पडलं असतं. तो नुसता विचारत होता. विश्वास बसत नाही अशा आवाजात.

“मी नाही ठेवलं,” मी म्हणाले. “खांबापाशी भिंतीत बसवलं होतं त्यांना. मी मुक्ताला पाजत होते. वळून बघते तर नाहीत. ते उठून गेले.”

एवढंच. जीभ कुठे अडखळली नाही.

बचाव पथक आलं. सगळी गावातलीच माणसं, कुणी पोस्टातलं, कुणी शेतावरचं. त्यांची प्रमुख लाल जाकिटातली, शांत आवाजाची बाई होती. तिने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. “घाबरू नका. शेवटचे कुठे दिसले, तेवढं बोट ठेवून दाखवा.”

नकाशावर खांब आणि रास यांच्यात माझ्या दोन बोटांएवढंही अंतर नव्हतं. पराग तोवर आला होता. मिसेस प्रॉसरना घेऊन आला होता, मुक्ताला कुणीतरी हवं म्हणून. तो माझ्या खांद्याशी उभा होता. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

मी बोट खांबावर ठेवलं.

“कुठे गेले असतील, काही अंदाज?”

“तळ्याकडे,” मी म्हणाले. “त्यांना ते खालचं तळं बघायचं होतं.”

बाईचा चेहरा बदलला. तळ्याकडे म्हणजे कडा. तिने लगेच सगळ्या माणसांना कड्याच्या बाजूला लावलं. दोघं दोर घेऊन खालून, तळ्याच्या अंगाने गेली. शिट्ट्या ऐकू येत राहिल्या, लांब लांब जाणाऱ्या. राशीपासून उलट्या दिशेला.

चार वाजले, पाच वाजले. पराग येरझाऱ्या घालत होता. “कशाला उठले असतील? तू सांगितलं होतंस ना, उठू नका म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“हल्ली तसंच करतात का घरी? तुला काही जाणवलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले. मग, देव जाणे का, म्हणाले, “परवा चष्मा शोधत होते. डोळ्यांवरच होता.”

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी त्याला उमगलं होतं, म्हणजे मीच उमगवलं होतं.

मिसेस प्रॉसर गाडीत मुक्ताला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेपाचच्या सुमाराला त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तळ्याकडे गेले म्हणतेस.”

“हो.”

“खांबापासून उठून.”

“हो.”

“त्यांचा नियम तूच मला सांगितलास,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर बसून. सर येतील, उठायचं नाही.”

मी मुक्ताचा मोजा काढला आणि पुन्हा घातला.

“कुठे ठेवलंस त्यांना, मुली?”

पराग दहा पावलांवर होता. त्या थांबल्या, मला पुरेसा वेळ दिला. मग मुक्ताला माझ्या हातात दिलं, गाडीतून उतरल्या आणि लाल जाकिटाकडे चालत गेल्या. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“खऱ्या माथ्यावर माणूस पाठव. म्हातारा भूगोलाचा मास्तर आहे. तो खांबापाशी कशाला थांबेल?”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सव्वासहा झाले असतील, बाईच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. सापडले. बसलेले आहेत, बोलतायत. परागने गाडीच्या टपावर डोकं टेकलं. त्यांना आणायला गेलेला पोरगेला माणूस पुढे आला आणि हसत सांगायला लागला, “राशीला पाठ लावून बसले होते. बाजूने दगड रचून एवढी भिंत केली होती. मी विचारलं, सर, तुम्ही हरवलात का? तर तुटक इंग्रजीत म्हणाले, नाही, मी योग्य जागी आहे. तुम्ही उशिरा आलात.”

सगळे हसले. पराग रडत रडत हसला. मीही हसले.

नानांना स्ट्रेचरवर आणलं. ओठ जांभळे, बोटं अर्धवट मुठीत अडकलेली. अॅम्ब्युलन्समध्ये परागने त्यांचे हात आपल्या हातांत घेतले. मी समोर, मुक्ता माझ्या कुशीत.

“नाना, कशाला उठलात? शलाकाने खांबापाशी बसवलं होतं ना तुम्हांला?”

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाने पाठ न करता उभं राहावं आणि सरांनी ते पहिल्याच वाक्यात ओळखावं, तसं. मग त्यांची नजर मुक्ताकडे गेली.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “लक्षात नाही राहिलं.”

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी, पराग चहा आणायला गेला होता, तेव्हा त्यांनी उशीखालून वही काढली. “ही तुझ्याकडे ठेव. परागला कशाला दाखवायची.” चित्राच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं. शेवटच्या ओळींची अक्षरं वाकडी होत गेलेली.

१२.४० शलाका व मुक्ता खांबाकडे. मी इथेच.
१.०५ ढग.
२.०० हाका मारल्या. वारा उलट.
४.३० शिट्ट्या ऐकू आल्या, दूर जात आहेत.
४.४५ पाय बधिर. बसून राहणे.
५.३० शलाका येईल.

याला सात वर्षं झाली. नानांच्या डाव्या पायाची दोन बोटं कायमची बधिर झाली, पण ते काही विशेष नाही. “लक्षात नाही राहिलं” हे जास्त वाढलं. परागने त्याच आठवड्यात पुण्याला बहिणीला फोन केला. ते भोरला परत गेले त्याच्या आधीच त्यांची स्कूटर विकली गेली होती. नणंदेने शर्टांच्या खिशांत घरच्या नंबराच्या चिठ्ठ्या शिवल्या. बाराही महिने राहणारा एक माणूस ठेवला, त्याला सांगितलं, बाहेरून वरची कडी लावायची. रायरेश्वरची सहल नव्या शिक्षकांनी नेली तेव्हा मुलांसोबत शिडीपर्यंत तरी येतो असं नाना म्हणाले, तर सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. काही निघालं नाही. परागला वाटतं, सुरुवातीला निघत नाहीच.

दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. पराग विचारतो, “नाना, आज वार कोणता?” नाना सांगतात. कधी कधी मुद्दाम चुकीचा सांगतात, असं मला वाटतं. मग पराग माझ्याकडे बघतो.

मिसेस प्रॉसर दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यामुळे आता हे मला आणि नानांनाच माहीत आहे. वही माझ्या कपाटात, मुक्ताच्या जन्माच्या कागदांखाली आहे. आज सकाळी मी ती बाहेर काढून टेबलावर ठेवली आहे. परागची पाळी सहाला संपते.

पण तो वाचेल, मला काय म्हणायचं ते म्हणेल, तिकीट काढेल, तिथे पोचेल, याला आठवडा तरी जाईल. तोवर तुमच्यापैकी कुणी भोरच्या बाजूला असाल तर एवढं करा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, धुमाळ सर असं विचारलंत तर कुणीही दाखवेल. ते गॅलरीत खुर्चीवर बसलेले असतील. बाहेरून कडी असेल, ती काढा. त्यांना हात देऊन खाली आणा, नदीकडे जरा चालू द्या. वाटेत काही विचारलंत आणि ते म्हणाले, माझ्या लक्षात राहत नाही, तर विश्वास ठेवू नका.